बाजूच्या छत्र्यांचं बी

ते झाडांना अहो-जाहो करायचे. जर्मनीत परक्या माणसाला 'झी' म्हणायचं आणि जवळच्याला 'दू', म्हणजे आपलं तुम्ही आणि तू. साठीच्या पुढचा एक माणूस वाफ्याच्या कडेला उकिडवा बसून हातभर रोपाला "काल फार गारठलात का तुम्ही?" असं गंभीरपणे विचारतोय, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू लपवायला मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. पायांत गमबूट होते, त्यांना नाड्या नसतात. त्यांनी ते पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की तू म्हणायला दोन्ही बाजूंची संमती लागते, आणि या मंडळींनी त्यांना ती अजून दिलेली नाही. मलाही त्यांनी ती पुढची दोन वर्षं दिली नव्हती.

मी येनाला पीएचडी करत होतो. शहरातून बस पकडली की पंचवीस मिनिटांनी टेकडीच्या उतारावर एक गाव लागायचं. हाल्टेश्टेलेवर, म्हणजे बसथांब्यावर उतरून दहा मिनिटं चढ चढला की त्यांचं शेत. चिनी औषधी वनस्पतींचं प्रायोगिक शेत. कल्पना साधी होती. चीनहून पोत्यांनी वाळकी मुळं यायची आणि औषधांच्या दुकानांत जायची. ती कुठल्या मातीत वाढली, कधी काढली, मुळात ती तीच आहेत की त्यांची कुणी चुलत भावंडं, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं. तर तीच झाडं इथे डोळ्यांसमोर बीपासून वाढवायची आणि त्यांचा कस सुधारायचा. शेत ते बघायचे. त्यांची मुळं दळून, विरघळवून यंत्रात घालायचं काम माझं. यंत्र कागदावर डोंगर काढून द्यायचं आणि डोंगराच्या उंचीवरून मुळात काय किती आहे ते कळायचं. माझी डिग्री त्या डोंगरांवर उभी राहायची होती.

ते मात्र आधी चावायचे. वेस्टकोटाच्या उजव्या खिशात एक छोटा चाकू आणि डाव्या खिशात धुतलेले रुमाल. मुळाची चकती दातांखाली धरायची, डोळे मिटायचे, मग रुमालात थुंकायचं आणि निकाल द्यायचा. दुसऱ्या वर्षाचं आहे. खालच्या, ओल्या वाफ्यातलं आहे. वाळवताना पहिल्या दिवशी आच जास्त झाली. मी त्यांच्या मागे जाऊन यंत्रावर ताडून बघायचो आणि बहुतेक वेळा तोंडघशी पडायचो. एकदा मी त्यांची गंमत करायला तीन चकत्या नेल्या. दोन त्यांच्याच शेतातल्या आणि एक व्यापाऱ्याच्या पोत्यातली. पहिल्या दोन त्यांनी चावून बरोब्बर सांगितल्या. तिसरी नाकाशी नेली आणि परत माझ्या तळहातावर ठेवली. "ही मी तोंडात घालत नाही," म्हणाले, "आणि यंग मॅन, असले खेळ पुन्हा खेळू नका." आवाज चढला नव्हता. मी ती चकती खिशात घातली.

माझा रूममेट नागपूरचा, ऑप्टिक्समध्ये पीएचडी करणारा. त्याने त्यांचं नाव मूळपुरुष ठेवलं होतं. मी शेतावरून आलो की विचारायचा, "आल्झो, तर मग आज मूळपुरुषाने काय चघळलं?" मी नक्कल करून दाखवायचो आणि आम्ही हसायचो. तेव्हा मला त्या नकलेची लाज वाटत नव्हती.

त्यांचं एक ब्रीदवाक्य होतं : शंका आली की बाद. वाळवणाच्या खोलीत एकदा एका ट्रेवरची चिठ्ठी पडली. ट्रेमध्ये काय आहे ते मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, दारातल्या मांजरालाही माहीत असावं, कारण त्या आठवड्यात दुसरं काही खणलंच नव्हतं. चिठ्ठी शेजारीच जमिनीवर सापडली. त्यांनी ती उचलली, खिशात घातली आणि सगळा ट्रे खताच्या ढिगावर उलटा केला. दीड वर्षं वाढवलेली मुळं होती. मी म्हटलं, निदान चावून तरी बघा. ते म्हणाले की चावल्यावर हे मूळ कुठलं ते कळेल, पण मधल्या काळात ते कुणाच्या हाताखालून गेलं ते कळणार नाही. साखळीतली एक कडी हातातून सुटली की बाकीची साखळी नुसतं लोखंड. अति तिथे माती, असं मी मनात म्हटलं.

प्रत्येक वाफ्याची त्यांनी एक गेबुर्ट्सउअरकुंडे केली होती, म्हणजे जन्मदाखला. जाड कागद, पेन्सिलीने आखलेले रकाने. बी कुठल्या झाडाचं, कधी काढलं, कुणी काढलं, कधी पेरलं, कोणी खुरपलं, आणि समोर ज्याची त्याची सही. पेन्सिलच, कारण शाई पावसात पसरते. खोडरबर मात्र शेतावर आणायला बंदी होती. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवून खाली बरोबर लिहायचं.

बर्लिनची भिंत पडायच्या आधी ते मोठे शास्त्रज्ञ होते असं गावातले लोक सांगायचे. नंतर पश्चिमेकडून कमिट्या आल्या, पदं तपासली गेली आणि त्यांना शेतावरचा तांत्रिक सहायक करून ठेवलं. गावाने आपली 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, ही हाक बदलली नाही. त्यांनी स्वतः याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. बोलायचे ते मुळांबद्दल, आणि तेही माझी बस निघून जाईपर्यंत. मी घड्याळाकडे बघितलं की म्हणायचे, पुढची बस असतेच. मग स्वयंपाकघरात नेऊन सूप पाजायचे. अशा किती बस माझ्या चुकल्या त्याचा हिशेब नाही. येनातल्या थंडीत, भाड्याच्या खोलीत, आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसा-कचेरीच्या, पत्रांच्या धाकात राहणाऱ्या मला त्या चुकलेल्या बसगाड्यांनी तारलं, हे आज कबूल करतो.

त्या स्वयंपाकघरात त्यांची बायको बसलेली असायची. बारीक, हसऱ्या डोळ्यांची, डाव्या दंडावर कायम पट्टी. आठवड्यातून तीनदा तिला रक्त धुवायला, डायलिसिसला, न्यायला गाडी यायची. दिवसभराचं पाणी ती एका छोट्या काचेच्या पेल्याने मोजून प्यायची. बटाटेसुद्धा आदल्या दिवशीपासून पाण्यात भिजवून ते पाणी फेकून मगच शिजवलेले. आम्ही सूप ओरपत असताना ती समोर बसून पेल्यातला एक घोट अर्धा तास पुरवायची आणि मला पुण्या-मुंबईच्या उन्हाबद्दल विचारायची. मी बार्शीचा. पण तिच्या नकाशात भारतात दोनच गावं होती.

तिच्या मूत्रपिंडांचं काय झालं ते तिनेच मला सांगितलं, ते बाहेर लाकडं आणायला गेले असताना. तिचे गुडघे दुखायचे. भिंत पडल्यावर सगळं जग दुकानात आलं, त्यात एका व्यापाऱ्याकडे चिनी मुळांचा काढा मिळायला लागला. पुडीवर छान लेबल, चिनी अक्षरं, खाली लॅटिन नाव. तो काढा तिला रोज सकाळी ते स्वतः उकळून द्यायचे. वर्षभर दिला. त्यात एक मूळ भलतंच होतं. वाळून चकत्या झाल्या की दोन्ही सारखीच दिसतात. एकाने गुडघा बरा होतो आणि दुसऱ्याने मूत्रपिंड सुकत जातं. "जन्मभर मुळं हाताळलेला माणूस," ती म्हणाली, "आणि त्यांनी ती पुडी एकदाही चाखून बघितली नाही. लेबल होतं ना. मला दोष दे, असं ते म्हणतात, मी देत नाही. त्यांना ते आवडत नाही." मग लाकडं घेऊन ते आत आले आणि तिने मला बार्शीत बर्फ पडतो का ते विचारलं.

त्यानंतर मी रूममेटसमोर ती नक्कल केली नाही.

त्यांनी जीव लावला होता तो एकाच झाडावर. चिनी लोक त्याला बाय-झी म्हणतात, सर्दीवर आणि कपाळदुखीवर त्याचं मूळ देतात. कोथिंबीर-शेपूच्या कुळातलं झाड, पण माणसाहून उंच. वर थाळीएवढ्या पांढऱ्या छत्र्या, तसल्याच छोट्या छत्र्या बाजूच्या फांद्यांवर. त्याचा चीक अंगाला लागून वर ऊन पडलं की फोड येतात, म्हणून कितीही उकडो, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी वाफ्यात पाऊल टाकलं की त्यांचा पहिला शब्द ठरलेला : "बाह्या." मी मनगटापर्यंत ओढून घ्यायचो. त्यांच्या स्वतःच्या हातांवर तपकिरी डाग होते, तरुणपणीच्या बेफिकिरीचे.

या झाडाचा एकच रोग, घाई. कांद्याला जसे डेंगळे येतात तसं हे झाड वेळेआधी फुलावर येतं, आणि एकदा फुललं की मूळ लाकूड. औषधाला कुचकामी. चीनच्या शेतकऱ्यांची यावर एक जुनी रीत होती आणि ती त्यांनी अकरा वर्षं निष्ठेने पाळली होती. बियाण्यासाठी ठेवलेल्या झाडाच्या शेंड्यावरची मोठी छत्री कापून टाकायची आणि बी धरायचं ते फक्त बाजूच्या छत्र्यांचं. वरची छत्री घाईने आलेली असते, ते म्हणायचे, तिची पोरंही घाईची होतात. दर पिढीला उशिरा फुलणारी झाडं निवडत, बाजूचं बी धरत, त्यांनी ही जात इतकी शांत केली होती की शंभरात एखादंच झाड उधळायचं. हे बी वर्षभरातच मरतं. बरणीत भरून फडताळात ठेवायची सोय नाही. अकरा वर्षांचं काम दर ऑगस्टला मूठभर बियांतून पलीकडे न्यावं लागायचं.

आणि आता एक मोठा घाऊक व्यापारी तयार झाला होता. पुढच्या शरद ऋतूत निघणारं पीक तपासणीत उतरलं तर ते औषधाच्या दुकानांत जाणार होतं. जन्मदाखल्यासकट. शेताला मिळणारी सरकारी मदत संपत आली होती, तीही त्यावर पुढे चालणार होती. पण त्यांचं लक्ष मदतीकडे नव्हतं. त्यांना एक पुडी हवी होती. बीपासून पुडीपर्यंत प्रत्येक हात ज्याचा माहीत आहे, अशी एक पुडी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जावी, एवढंच त्यांना मरायच्या आधी बघायचं होतं. हे त्यांनी मला सांगितलं होतं. तुम्ही म्हणत असतानाच सांगितलं होतं.

त्या उन्हाळ्यात बायकोच्या दंडातली डायलिसिसची वाट बंद पडली आणि मग तिला ताप भरला. जुलैभर ते इस्पितळाच्या फेऱ्या करत होते. दरवर्षी जुलैत कापायच्या वरच्या छत्र्या तशाच राहिल्या. ऑगस्टमध्ये तिला दोन आठवडे भरती करायचं ठरलं, आणि ते तिच्याजवळ राहणार होते. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, अंगठ्याएवढ्या दोन पेल्यांत आलुबुखाराची दारू ओतली, उभे राहिले आणि आपलं पहिलं नाव सांगून हात पुढे केला. दू देण्याची ही तिकडची रीत, ती मोठ्याने लहानाला द्यायची असते. बायको टेबलाशी बसून बघत होती. ते म्हणाले, "ज्याच्या हातात बी द्यायचं त्याला तुम्ही म्हणता येत नाही. आजपासून तू." मी पेला रिकामा केला. घसा जळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळं दारूमुळे नव्हतं.

मग वाफ्यात नेऊन त्यांनी दाखवलं. आधी वरच्या सगळ्या छत्र्या कापून जाळायच्या डब्यात. मग बाजूच्या, जशा तपकिरी होतील तशा, एकेक, दहा-बारा दिवस. घाई नाही.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. बार्शीत आमचं बी-बियाण्यांचं दुकान. अण्णा, म्हणजे माझे वडील, तळहातावर बी घेऊन फुंकर मारायचे, उडेल ते हलकं, राहील ते खरं. पाण्यात टाकून बुडेल तेच विकायचे. मोठं कणीस, भरला गोंडा, जड दाणा, हेच बियाणं, हे मी चालायच्या आधी शिकलो असेन. त्यात मी रसायनशास्त्रातला पंडित. एकाच झाडाचं बी वर काय आणि बाजूला काय, गुणधर्म तेच, असं माझं ठाम मत होतं. बाजूच्या छत्र्यांची गोष्ट मला त्यांच्या अहो-जाहोसारखीच वाटायची. म्हाताऱ्याची तऱ्हा. म्हणजे सांगणाऱ्याला मान द्यायचा आणि सांगितलेलं सोडून द्यायचं, हा शहाणपणा माझ्याकडे दोन्हीकडून आला होता.

ते गेल्यावर आठव्या दिवशी रेडिओवर तीन दिवस पाऊस सांगितला. बाजूच्या छत्र्या अजून अर्ध्या हिरव्या होत्या. वरच्या मात्र खणखणीत वाळलेल्या, बी भरलेलं, सोनेरी, नुसत्या स्पर्शाने गळणारं. वरच्या आधीच कापून जाळायला सांगितल्या होत्या, पण मला एवढं सुंदर बी जाळवेना. पावसात सगळंच गेलं असतं, आणि पाव हेक्टरला पुरेल एवढं बी बाजूच्या छत्र्यांतून त्या दिवशी निघत नव्हतं. मी दोन्ही काढलं. एकाच पोत्यात भरलं. त्यांचं भलंच करतोय, या समाधानात मी शिट्टी वाजवत होतो.

बायकोला घेऊन ते परत आले तेव्हा पंधरा दिवसांत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. पोत्यात हात घालून त्यांनी बी तळहातावर घेतलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. यंदा बी फार भरलंय, म्हणाले. मी म्हटलं, ऊन चांगलं होतं. मग त्यांनी जन्मदाखला पुढे केला आणि सहज विचारलं, "फक्त बाजूची ना?"

एवढं आनंदलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "गेनाऊ," मी म्हटलं, म्हणजे अगदी बरोबर, आणि सही केली.

आता त्या उतारावर म्हणे सोलर पॅनल आहेत. त्यांची बायकोही हे सगळं घडल्यावर आलेल्या हिवाळ्यात गेली. काळ्या किनारीचं कार्ड विद्यापीठात आमच्या विभागाच्या नावाने आलं, माझ्या नावाने नाही. मी हल्ली इंगोलश्टाटजवळ राहतो, एका औषध कंपनीत कच्च्या मालाचे दाखले तपासून सही करतो. माझी मुलगी मी कामावर काय करतो असं विचारते, मी मराठीत सांगतो, ती जर्मनमध्ये म्हणते, म्हणजे फक्त सही? हो, फक्त सही.

तर ते बी पेरलं, उगवलं आणि असं जोमात वाढलं की गावातले लोक बघायला यायचे. त्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप होता. गाड्यांना झेंडे, खिडक्यांना झेंडे, बसमध्ये गालांवर रंग फासलेली पोरं. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेतावर गेलो तर पिकाच्या मधूनच एक जाडजूड दांडा वर आला होता. डेंगळा. ते त्याच्याकडे बघत उभे होते. पुढच्या आठवड्यात शंभर होते, त्याच्या पुढच्या आठवड्यात निम्मं शेत. ते रांगांतून फिरायचे आणि एकेक झाड उपटून मूळ चावायचे. लाकूड. रुमालात थुंकायचे आणि पुढचं उपटायचे. झाडांशी बोलणं त्यांनी बंद केलं होतं.

त्यांनी मला पुन्हा विचारलं. शेडमध्ये, जन्मदाखला समोर ठेवून, माझ्या डोळ्यांत बघून. "ऑगस्टमध्ये फक्त बाजूची?"

बैल जायच्या आधी झोपा करायची ती शेवटची वेळ होती. मला ते कळत होतं. पण पुढच्या महिन्यात थीसिस द्यायचा होता, व्हिसाची मुदत त्याला बांधलेली होती, आणि त्यातलं एक अख्खं प्रकरण याच बियाण्याच्या जन्मदाखल्यावर उभं होतं. खरं सांगायचं तर तेही नंतर सुचलेलं. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की हा माणूस मला तू म्हणतो. मी म्हटलं, "हो."

त्यांनी मान हलवली. बस्स. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला आणि स्वतःच्या अकरा वर्षांवर ठेवला नाही.

खोलीवर येऊन मी रूममेटला सगळं सांगितलं. तो गॅसवर खिचडी टाकत होता. म्हणाला, "अरे, तो तुझा गाइड आहे का? नाही ना? आधी थीसिस सबमिट कर, मग काय ते कन्फेशन दे. तोपर्यंत तो काय करणार आहे?" मला हेच ऐकायचं होतं. मी दोन वाट्या खिचडी खाल्ली.

ते काय करणार होते ते जुलैच्या सुरुवातीला कळलं. त्यांनी फोन केला, शेत उपटायचंय, हात लागतील. मी गेलो. वाफ्यात पाऊल टाकताच ते म्हणाले, "बाह्या." मी ओढून घेतल्या. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी सगळं पीक उपटून ढीग घातला. उकाडा असा होता की जेवणानंतर मी नकळत बाह्या कोपरापर्यंत गुंडाळल्या. मला वाटलं, काम संपलं. पण ते विळा घेऊन वरच्या वाफ्याकडे निघाले.

वरच्या वाफ्यात बियाण्याची झाडं होती, पुढच्या पिढीची. मागच्या शरदात, माझ्या बियाण्याच्या आधीच्या पिकातून, त्यांनी निवडून लावलेली चाळीस मुळं. आता पूर्ण फुलावर आलेली, पांढऱ्या छत्र्यांवर मधमाश्या. सहा आठवड्यांनी बी. त्या चाळीस झाडांत माझा हात कुठेच नव्हता. अकरा वर्षांचं जे काही खरं उरलं होतं ते जगात फक्त तिथे उभं होतं.

"ही का?" मी विचारलं.

"जात शांत झालीय असं मला वाटलं होतं. झालेली नाही. मी चुकीचं निवडत आलो." त्यांनी पहिल्या झाडाच्या बुडाशी विळा लावला. "हे बी माझ्या हातून कुणाकडे गेलं तर मी त्या काढा विकणाऱ्या व्यापाऱ्याहून वेगळा कोण? शंका आली की बाद."

झाड पडलं. मला तोंड उघडायला चाळीस झाडं होती. ते कापत होते आणि मी पडलेली झाडं उचलून कडेला नेत होतो, चीक हातांवरून ओघळत होता, आणि दर वेळी वाटत होतं, पुढच्या झाडाला सांगतो. पुढच्या झाडाला. माणूस इतका भित्रा असू शकतो यावर माझा तोवर विश्वास नव्हता.

तीन उरली तेव्हा मी बोललो. एका दमात बोललो. वरच्या छत्र्यांचं बी घातलं, पाऊस येणार होता, बी सुंदर होतं, दोन्ही एका पोत्यात भरलं, दोनदा खोटं बोललो, तुमची निवड बरोबर होती, ही तीन ठेवा.

ते वाकलेले होते, सरळ झाले. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा मी पहिल्या वर्षी त्यांच्यासमोर तिसरी चकती धरली होती तेव्हासारखा होता.

"तुम्ही ऑगस्टमध्ये हो म्हणालात," ते म्हणाले. "जूनमध्ये हो म्हणालात. आज नाही म्हणता. यातलं कुठलं मी चावून बघू?"

मी म्हटलं, आजचं खरं आहे. देवाशपथ खरं आहे.

"असेलही," ते म्हणाले. आणि वाकून उरलेली तीन झाडं कापली. एक, मग दुसरं, मग तिसरं, घाई न करता.

विळा पुसताना त्यांची नजर माझ्या उघड्या हातांवर गेली. कोपरापासून बोटांपर्यंत चीक वाळत होता आणि वर जुलैचं ऊन होतं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोड आले. डाग दोन वर्षं राहिले.

शेडमध्ये जाऊन त्यांनी जन्मदाखला काढला आणि पेन्सिलीने शेवटचा रकाना भरला. मी शेजारी उभा होतो. मला वाटलं, आता माझं नाव आणि माझं कृत्य त्यांच्या त्या बारीक अक्षरात कायमचं लिहिलं जाणार, आणि खोटं कशाला बोलू, मला ते हवंही होतं. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. पीक नष्ट केलं. बियाण्याची झाडं नष्ट केली. कारण : अज्ञात.

मी म्हटलं, कारण मी सांगितलं तुम्हाला.

त्यांनी हजर व्यक्तीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन्सिल पुढे केली. त्यांनी मला वाचवलं की त्या बिनचिठ्ठीच्या ट्रेसारखं ढिगावर उलटं केलं, ते मला आजही सांगता येत नाही. थीसिस मंजूर झाला. त्या प्रकरणावर कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

मी सही केली. त्यांनी कागद घडी करून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तुमची बस पाच दहाला आहे," ते म्हणाले.